फौजेची वाट जपायची तर सुरुवात कुठून करायची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण १८०३ सालच्या अडगाव ते गाविलगड या फौजेच्या वाटेबद्दल लिहिलं होतं आणि ही वाट हेरिटेज ट्रेल म्हणून जपली गेली पाहिजे असं म्हटलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन राहिलो आहोत. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावजवळ, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, नागपूरकर रघुजी भोसले दुसरे यांची फौज त्यांचे भाऊ मन्याबापू यांच्या हाताखाली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढली. सोबत शिंद्यांचं घोडदळ होतं. लढाई हरली, उरलेलं बरंचसं पायदळ गाविलगडावर गेलं, इंग्रज अचलपूरमार्गे मागोमाग गेले, १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारले गेले आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तीन आठवड्यांत एवढं सगळं.

प्रश्न: मी दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालायला जातो, नागपूरहून आमचा मोठा ग्रुप असते. दरवेळी वाटते का आपल्या विदर्भात असं काहून नाही? आपल्याकडून फौजा गेल्याच नाही का?
(त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर: गेल्या ना, आणि लई लांब लांब गेल्या. रघुजी पहिल्यांच्या फौजा १७४२ पासून छत्तीसगडाकडून थेट बंगालपर्यंत जात होत्या आणि शेवटी १७५१ च्या तहात ओडिशा नागपूरकरांकडं आला, म्हणजे एक काळ असा होता की नागपूरच्या महाल भागातून निघालेला घोडेस्वार कटकपर्यंत आपल्याच मुलखातून जायचा. मग १८०३ ची ही वाट. मग १८१७ ची इंग्रजांशी झालेली सीताबर्डी आणि सक्करदऱ्याची लढाई, ती तर शहरातल्या शहरात आहे. मग १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात गेले ती वाट, आणि १८५८ च्या शेवटी नर्मदा ओलांडून सातपुड्यातून मुलताईपर्यंत आलेले तात्या टोपे, ज्यांना नागपूरकडं येऊ दिलं नाही म्हणून ते पश्चिमेला वळले. मुलताई नागपूरहून बैतूलच्या रस्त्यावर आहे, आपण तिथं तापीच्या उगमाच्या दर्शनाला जातो, पण तात्यांची फौज इथवर आली होती हे किती जणांना माहीत असते?

पन्हाळ्याची वाट जिवंत आहे कारण ती चालली जाते. जुलै १६६० मध्ये जे घडलं ते पुस्तकात आहेच, पण मसाई पठारावरच्या धुक्यातून चालणारी पोरं, पांढरेपाण्याला टेकणारे ग्रुप, वाटेवरच्या घरांमध्ये चुलीवर होणारी त्यांच्या जेवणाची सोय, हे सगळं मिळून ती वाट राहिली आहे. आणि आपला विदर्भही चालणारा आहे, ते विसरू नका. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला, महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडला आपल्या गावागावातून लोक जातातच की, त्यांना कुणी बोर्ड लावून रस्ता दाखवत नाही. हे सगळे पचमढीच्या आसपासचे तेच महादेवाचे डोंगर आहेत जिथं आप्पासाहेबांना गोंड लोकांनी आसरा दिला होता. चालणारे आहेत, वाट आहे, फक्त या वाटेवर इथं काय झालं होतं ते सांगणारं कुणी नाही.

प्रश्न: फौज नेमकी कोणत्या रस्त्यानं गेली हे दोनशे वर्षांनी कसं कळणार? आज सगळीकडं डांबरी आणि सिमेंट रोड झालेत. अंदाजानं पाट्या लावल्या तर तो खोटा इतिहास होणार नाही का?
(निवृत्त शिक्षक, परतवाडा)

उत्तर: सर, आलेल्या सगळ्या पत्रांमधला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि माझं सगळं म्हणणं यातच आहे, म्हणून जरा लांबण लागली तरी चालवून घ्या.

पहिली गोष्ट, फौज एका ओळीत एका रस्त्यानं जात नसे. पुढं घोडेस्वार, मध्ये पायदळ आणि तोफा, मागं बाजारबुणगे, धान्याचे बैल घेऊन चालणारे बंजाऱ्यांचे तांडे, असा सगळा पसारा असायचा आणि तो एक-दोन कोसांच्या रुंदीत पसरून चालायचा. त्यामुळं “हीच ती वाट” असा नकाशावर एक बारीक लाल दोरा ओढणं हेच मुळात चूक आहे. पण काही जागा अशा असतात जिथं सगळ्यांना एकत्र यावंच लागते. नदीचा उतार, घाटाचं तोंड, मोठा तलाव, मुक्कामाचं मैदान. त्या जागा पक्क्या करता येतात. मधला भाग पट्टा म्हणून दाखवायचा.

दुसरं, जमीन स्वतः सांगते. आपल्याकडची काळी कापसाची माती ओली असली की तोफेचं चाक सोडा, रिकामी बैलबंडी निघत नाही, हे वऱ्हाडातल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून तर आपल्याकडं मोहिमा दसऱ्यानंतर निघायच्या. आणि सुकल्यावरही तोफा ओढणारे बैल मुरमाड, टणक जमीन धरून चालायचे, दिवसाला दहा-बारा मैल, आणि मुक्काम पडायचा तिथं जिथं हजारो माणसं आणि त्याहून जास्त जनावरं पाणी पितील एवढा साठा असेल. म्हणजे जुने तलाव, बारवा, नदीतले डोह शोधा आणि ते एकमेकांपासून किती कोसांवर आहेत ते मोजा, निम्मी वाट तिथंच उलगडते.

तिसरं, कागद. इंग्रजी फौजेत क्वार्टरमास्टर जनरलचं खातं असायचं, त्याचं कामच हे की मुक्काम कुठं, पाणी कुठं, नाला कसा ओलांडायचा याची नोंद ठेवणं आणि नकाशे काढणं. १८१७ च्या मोहिमेत मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल होता व्हॅलेंटाइन ब्लॅकर, त्यानं त्या मोहिमेचा वृत्तांत १८२१ मध्ये नकाशांसकट छापला आणि सीताबर्डीच्या लढाईचा आराखडाही त्यात आहे. १८०३ साठी वेलस्लीची स्वतःची पत्रं छापलेली आहेत, तारीख आणि मुक्कामाच्या गावासकट. आपल्या बाजूचे कागद मोडीत आहेत. नागपूरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, १९३४ पासूनचं विदर्भ संशोधन मंडळ आहे, १८६३ चा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे. मोडी वाचणारी दोन-चार पोरं तयार झाली तर इंग्रजांच्या नोंदींवरच अवलंबून राहायचं कारण उरत नाही.

आता गाविलगडाचंच बघा. गडावर जायला दक्षिणेकडून, म्हणजे अचलपूरच्या बाजूनं, सरळ पण अंगावर येणारी चढण आहे, आणि उत्तरेकडून पठार आहे जिथून गडाच्या भिंतीला तोफा भिडवता येतात. वेलस्लीनं स्वतः दक्षिणेची बाजू धरली आणि कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडं पाठवलं. अचलपूरहून निघून डोंगराला वळसा घालून साधारण ३० मैल, जिथं रस्ता नव्हताच, तिथं शिपायांनी आधी रस्ता फोडला आणि मग जड तोफा हातानं ओढत नेल्या, नाले, दऱ्या, मेळघाटचं जंगल, असं करत १२ डिसेंबरला ते गडाच्या उत्तरेला पोचले. तीन दिवसांत गड पडला. म्हणजे या मोहिमेतली सगळ्यात मोठी गोष्ट गडावर घडलीच नाही, ती या ३० मैलांत घडली! आणि आज गडावर पर्यटक जातात, शार्दूल दरवाजावरचं शिल्प बघतात, फोटो काढतात, पण ज्या वाटेनं गडाचं नशीब ठरलं त्या वाटेचा एक दगडही कुणी दाखवत नाही. मला याचं फार वाईट वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं की ट्रेलचा प्रत्येक तुकडा वेगळा नोंदवायचा आणि त्याच्यावर स्वच्छ लिहायचं: हा पक्का, हा बहुतेक, हा अंदाज. तीन रंग ठेवा. अडगावचं रणमैदान, अचलपूर शहर, गडाचे दरवाजे, उत्तरेचं पठार हे पक्के. अचलपूर ते डोंगराचं तोंड बहुतेक. जंगलातला वळसा अंदाज, जोपर्यंत कुणी जुने नकाशे घेऊन तो पडताळत नाही तोपर्यंत. पाटीवर “अंदाज” लिहायला लाज वाटायचं कारण नाही, उलट चालणाऱ्या पोराला तिथं शोधायला काम मिळते. अमेरिकेत १७८१ साली स्वातंत्र्ययुद्धात जनरल रोशांबोची फ्रेंच फौज वॉशिंग्टनच्या फौजेला मिळून यॉर्कटाउनपर्यंत गेली, त्या वाटेला तिथल्या सरकारनं २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वाट म्हणून मान्यता दिली, ६८० मैलांच्या वर आहे, नऊ राज्यांतून जाते. ती एवढी नीट आखता आली कारण त्या फौजेतल्या बेर्तिये नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं मुक्कामांचे आणि वाटेचे नकाशे काढून ठेवले होते, हाच बेर्तिये पुढं नेपोलियनचा चीफ ऑफ स्टाफ झाला. नकाशा असला की सरकारला मनवणं सोपं जाते, तेव्हा आधी तो करा.

प्रश्न: हा आपला पराभव आहे. इंग्रज ज्या रस्त्यानं आले तो सजवायचा कशाला? पोरांना जिंकलेल्या लढाया दाखवा की.
(ज्येष्ठ नागरिक, महाल, नागपूर)

उत्तर: काका, तुमची कळकळ समजते, महालात राहणाऱ्या माणसाला हे लागणारच. पण तुम्हीच सांगा, नागपूरनं हा पराभव कधी विसरला का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नागपुरात काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा निघते, लोक सांगतात ती इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईची आहे, आणि अख्खं गाव ओरडत तिला वेशीबाहेर नेऊन जाळते. शंभर वर्षांच्या वर हे चालू आहे. नागपूरकरानं आपली हार अशी रस्त्यावर आणून आठवणीत ठेवली आहे, मग जिथं ती हार झाली ती जमीन झाकून ठेवायची कशासाठी?

आणि तो रस्ता फक्त इंग्रजांचा नव्हता. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर जे लढले त्यात इंग्रजांच्या बाजूचे बहुतेक शिपाई मद्रास पलटणींचे, म्हणजे दक्षिणेतल्या खेड्यांतले होते आणि घोडदळ बंगालच्या पलटणीचं होतं. भोसल्यांच्या बाजूनं सगळ्यात जिद्दीनं लढले ते अरब, त्यांनी छोटी टेकडी जिंकून घेतली होती. एक गोष्ट मला फार आत लागते. मद्रासच्या २४ व्या रेजिमेंटची जी पलटण इथं होती, ती म्हणजे १८०६ च्या वेल्लोरच्या शिपाई उठावात सामील झाली म्हणून जिचा जुना नंबर इंग्रजांनी काढून घेतला होता तीच पलटण, आणि सीताबर्डीनंतर त्या शिपायांनी काय मागितलं तर आमचा जुना नंबर परत द्या. मिळाला त्यांना. अकरा वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध उठलेली पलटण आपल्या टेकडीवर इंग्रजांसाठी लढून आपली इज्जत परत मागत होती. हे पोरांना सांगायचं नाही? माझ्या मते जिंकलेल्या दहा लढायांपेक्षा या एका गोष्टीतून हिंदुस्थान कसा गेला ते जास्त कळते.

आणि लढाई टेकडीवर संपली नाही, हेही विसरतात लोक. १२ डिसेंबरला इंग्रजांच्या जनरल डव्हटनची फौज येऊन पोचली, १६ तारखेला आप्पासाहेब रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीत गेले पण फौजेनं तोफा सोडल्या नाहीत, सक्करदऱ्याच्या बाजूला लढाई झाली, ती हरल्यावरही शहरातल्या अरबांनी महाल सोडला नाही, २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला परतवला, आणि ३० डिसेंबरला बोलणी करूनच बाहेर पडले. महिनाभर झुंजलं हे शहर. तुम्ही राहता त्या गल्ल्यांमध्ये, काका. ते सांगायला इंग्रज फौज कुठून आली ते दाखवावंच लागेल.

फक्त एक गोष्ट तुमची शंभर टक्के मान्य: पाटीवरचा मजकूर इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावांनी भरलेला नको. बेनीसिंग, मन्याबापू, नाव न सापडणारे अरब जमादार, तोफा ओढणारे शिपाई, धान्य आणणारे बंजारे, डोंगरातले कोरकू आणि गोंड, यांना आधी जागा पाहिजे.

प्रश्न: माझं वावर अडगावकडं आहे. उद्या ट्रेल जाहीर झाला तर सरकार जमीन घेणार का? विहीर, गोठा बांधायला परवानगी लागणार का? गावात आतापासून चर्चा होऊन राहिली.
(शेतकरी, तेल्हारा तालुका)

उत्तर: भाऊ, भीती रास्त आहे पण दोन गोष्टी वेगळ्या करा. केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असते तिथं १९५८ चा कायदा लागतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन, असं कायद्यातच पक्कं झालं. गाविलगडासारख्या ठिकाणाला तो लागू होतो. पण नुसती वाट दाखवणारा ट्रेल, जो सरकारी रस्त्यानं आणि पांदणीनं, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं जातो, त्यानं तुमच्या वावराला असा कोणताही पट्टा लागत नाही. अमेरिकेतल्या त्या मोठ्या वाटासुद्धा खूपशा खाजगी जमिनीतून जातात आणि मालक राजी असेल तिथंच लोकांना आत सोडतात, नसेल तर बाजूच्या रस्त्यानं नेतात. आपणही तसंच करायचं, ग्रामसभेत ठराव घेऊनच.

आणि तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे ती म्हणजे पांदण. गावनकाशात गाडीवाटा, शिवरस्ते, पांदण रस्ते दाखवलेले असतात, भूमी अभिलेखच्या ऑफिसातून नक्कल मिळते. बऱ्याच ठिकाणी त्या जागेवर नांगर फिरून पांदण अर्धी झाली आहे आणि भांडणं चालू आहेत. या पांदणी मोकळ्या करायला शासनाची शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहेच, त्यात काम निघालं तर शेतमालाला रस्ता मिळतो आणि चालणाऱ्यांनाही. फक्त जिथं जुनी वाट असल्याची खात्री आहे तिथं सरसकट सिमेंट नको, मुरूम टाकून दाबून घ्या, बाजूची जुनी चिंच-कडुनिंब तोडू नका आणि नाल्यातला जुना दगडी उतार पाइप टाकून बुजवू नका. एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

तुमच्या अडगावच्या लढाईतली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. त्या दिवशी शेतात ज्वारी उभी होती, पुरुषभर उंच, आणि इंग्रज फौजेला समोरचं नीट दिसत नव्हतं, गावाजवळ येताच तोफा सुरू झाल्या तशा वेलस्लीच्या काही पलटणी चक्क पळाल्या आणि त्यांना परत जमवून उभं करायला त्याला स्वतःला जावं लागलं. आता तिकडं कापूस, तूर, सोयाबीनच जास्त. पण कुणी शेतकरी राजी झाला आणि नोव्हेंबरात एक-दोन एकर उंच देशी ज्वारी उभी ठेवली, तर पोरांना त्या दिवशी शिपायाला काय दिसत होतं ते एका मिनिटात कळेल, त्याला कुठला पुतळा लागत नाही. आणि कणीस तुमचंच.

प्रश्न: आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना एवढ्या लांब नेणं शक्य नाही. नागपुरातच एका दिवसात काही करता येईल का?
(शिक्षिका, नंदनवन, नागपूर)

उत्तर: येईल, मॅडम, आणि तुम्ही नंदनवनला म्हणजे जवळजवळ त्याच जमिनीवर आहात. सुरुवात सीताबर्डीपासून करा. किल्ला लढाईनंतर बांधलेला आहे हे मुलांना आधी सांगा, कारण सगळ्यांना वाटते किल्ल्यावर लढाई झाली. त्या दिवशी तिथं नुसत्या दोन टेकड्या होत्या, दक्षिणेची मोठी आणि उत्तरेची छोटी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, तर तीन तारखांपैकी २६ जानेवारीच धरा, मे मध्ये नागपूरच्या उन्हात मुलांना चालवायचं नाही. इतर दिवशी टेकडीच्या गणपतीपासून वर बघून सांगता येते.

तिथून लोहापूल, कॉटन मार्केट, मग गांधीसागर. हा जुना जुम्मा तलाव. त्याच्या काठावर पाच मिनिटं बसवा आणि विचारा, शहराबाहेरून फौज आली तर ती कुठं अडेल? मुलं बरोबर सांगतात, पाणी समोर असल्यावर सगळं कळते. मग गांधीगेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, २४ डिसेंबरला इंग्रजांना अडवलं तो. आज त्याखालून ऑटो आणि स्कूटर सतत जात असतात, म्हणून गर्दी कमी असेल तेव्हा पोचा आणि मुलांना कमानीच्या एका बाजूला उभं करून दगड, कमानीची रुंदी नीट बघू द्या. एका वेळी त्यातून किती माणसं शिरू शकतील ते त्यांनाच रांगेत उभं राहून मोजू द्या, अरबांनी हा दरवाजा कसा धरला असेल ते मग वेगळं समजावावं लागत नाही. मग महाल, नगारखाना. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला हेही तिथंच सांगा. मग नागनदी ओलांडून सक्करदरा तलाव, १६ डिसेंबरच्या लढाईची बाजू. चालायला फार नाही, पण ट्रॅफिकमुळं वेळ लागतो, मधला तुकडा बसनं करा.

नागनदीजवळ थांबाल तेव्हा वास येईल, मुलं नाक दाबतील. तरी थांबा. ही नदी नसती तर ना शहर वसलं असतं ना फौजांचे तळ इथं पडले असते, आणि फौजेची वाट जपायची म्हणजे तिचं पाणी जपायचं, हे मुलांनी तिथंच ऐकावं.

प्रश्न: आम्ही बायकर्सचा ग्रुप आहोत. गाविलगडपर्यंत नाइट राइड करून ट्रेल प्रमोट केला तर?
(मानेवाडा, नागपूर)

उत्तर: नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सगळ्यात आधी जाहीर झालेल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, तिथं रात्री आवाज आणि हेडलाइट नेऊ नका. दिवसा, वन विभागाच्या नियमानं, जिथं परवानगी आहे तिथपर्यंतच. अडगाव ते अचलपूर हा मैदानातला भाग मात्र बाइकनं जरूर करा आणि गावोगावी थांबा, चहा प्या, म्हाताऱ्या माणसांशी बोला, तुमच्याकडून तेवढी मदत फार मोलाची होईल.

प्रश्न: यासाठी निधी कुठून आणणार? आमच्याकडं एक नेते म्हणतात मोठं प्रवेशद्वार, पुतळा आणि सेल्फी पॉइंट करून देतो.
(अचलपूर)

उत्तर: त्यांना नम्रपणे सांगा की आधी बारव साफ करून द्या. खरंच सांगतो, प्रवेशद्वाराच्या खर्चात वाटेवरच्या कितीतरी विहिरींचा गाळ निघेल, पायऱ्या नीट होतील, आणि उन्हाळ्यात गावाला पाणीही मिळेल. फौजेच्या वाटेवर दाखवण्यासारखं जे उरलं आहे ते हेच आहे, पाणी, सावली, उतार, आणि ते जमिनीलगत असते, मोठ्या गेटमुळं लोकांची नजर उलट त्यावरून उठते. पाटी लावायचीच तर छोटी, कंबरेच्या उंचीची, मराठीत आणि कोरकू भागात कोरकूतही, आणि त्यावर त्या जागेचा नकाशा आणि तो पक्का-बहुतेक-अंदाज यातला रंग.

निधीची वाट बघत बसायचं नाही हे दुसरं. अमेरिकेतच दुसरी एक वाट आहे, त्याच स्वातंत्र्ययुद्धात १७८० साली डोंगरापलीकडचे साधे शेतकरी स्वतःच्या बंदुका घेऊन किंग्ज माउंटनच्या लढाईला गेले ती, चार राज्यांतून जाणारी ३३० मैलांची. तिथं १९७५ मध्ये स्थानिक लोकांनी ती आपली आपण चालायला सुरुवात केली आणि दरवर्षी चालत राहिले, सरकारची मान्यता आली १९८० मध्ये. आपल्याला पाचच्या जागी दहा वर्षं लागू द्या. भारतीय पुरातत्त्व खात्याचं नागपूर मंडळ आहे, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, महापालिकेची हेरिटेज समिती आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेचा नागपूर चॅप्टर आहे, यांच्याकडं जाताना नुसता अर्ज घेऊन जाऊ नका, चाललेल्या वाटेची वही घेऊन जा.

ती वही आपण सगळे मिळून करू. वाटेवरच्या वाचकांना विनंती आहे की आपल्या गावातली जुनी बारव, तलाव, दगडी उतार, मोठी चिंच, लढाईत मेलेल्यांची म्हणून सांगितली जाणारी समाधी किंवा कबर, असं काही असेल तर कळवा. पत्रात एवढं लिहा: गावापासून कोणत्या दिशेला, आज पाणी आहे का, जमीन काळी का मुरमाड, जवळून कोणती पांदण जाते आणि ती पुढं कोणत्या गावाला निघते, आणि ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, आजीनं, कोतवालानं का कुठं वाचलं. फोटो असला तर त्यात माणूस उभा असू द्या म्हणजे माप कळते. अचलपूर ते गडाचा दक्षिण पायथा हा तुकडा आपण पहिला घेऊन राहिलो आहोत, त्यामुळं त्या भागातली पत्रं दसऱ्याच्या आधी आली तर बरं, जमीन सुकली की लगेच चालायला निघता येईल.